हलका हात

गादी किती मऊ आहे हे दाखवायला दुकानदारानं तिच्यावर उघडा पंजा आपटला, आणि पीयूषनं झटकन मान खाली घालून दोन्ही कोपरं कानांवर आणली. आवाज काही फार मोठा झाला नव्हता. फोममध्ये दबून गेलेला, बोथटसा आवाज. पण पोरगं गाद्यांच्या थप्प्यांमध्ये तसंच आक्रसून उभं राहिलं, डोळे घट्ट मिटलेले, एक पाय दुसऱ्या पायावर. दुकानदार हसला. "अरे बेटा, तुले नाई मारलं, गादीले मारलं!" उज्वलाही हसली. हसता हसताच तिची नजर सचिनकडे गेली आणि हसू ओठांवर तसंच राहून गेलं. तिचा नवरा हसत नव्हता. तो आपल्या पोराच्या कोपरांकडे पाहत होता. फार जुन्या ओळखीचा माणूस गर्दीत अचानक दिसावा आणि त्याचं नाव पटकन आठवू नये, तसा.

नाव आठवायला त्याला वेळ लागणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं तिला सगळं सांगितलं होतं. आंजी गावातलं भाजीचं वावर, वांगी, भेंडी, मेथी, आणि त्या सगळ्यावर उभा असलेला बाप. मधुकरराव पोराला हाताला येईल त्यानं मारत. बैलाच्या काठीनं, ओल्या दोरानं, मोटारीच्या पट्ट्याच्या तुकड्यानं. एकदा वांग्याच्या रोपात गोऱ्हा शिरला म्हणून त्यांनी सचिनला विहिरीजवळच्या बाभळीला बांधलं होतं आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत सोडलं नव्हतं. आई लांब बांधावर उभी राहून पदर तोंडात घालून रडत होती, पण जवळ आली नव्हती. सचिन हे सांगायचा तेव्हा त्याचा आवाज अगदी सपाट असायचा, दुसऱ्या कोणाच्या घरची गोष्ट असावी तसा. मार पडायच्या आधी हवेत एक आवाज होते, म्हणायचा, तो कानाले समजते; डोक्याले समजाच्या आधी हात वर जातात. त्याच्या पाठीवर खांद्याखाली पांढरट वळ होता, तो तिनं अंधारात बोटानं अनेकदा चाचपला होता. "माह्या लेकराले मी बोट लावनार नाई," असं तो म्हणाला होता, पोटात लेकरू नव्हतं तेव्हाच. आणि खरंच लावलं नव्हतं. राग आला की तो उठून मोरीत जायचा, नळ सोडायचा आणि दोन्ही हात पाण्याखाली धरून उभा राहायचा. ती बाहेरून पाण्याचा आवाज ऐकायची आणि तिला त्याचा अभिमान वाटायचा. पुढे पुढे अभिमानाच्या जागी दुसरंच काही वाटायला लागलं. मत्सरासारखं काहीतरी. याला नळाखाली हात धरता येतात.

"मॅडम, हे दाबून पाहा," दुकानदार म्हणत होता. "लेकरू बादशासारखं झोपते यावर. वरचं कव्हर निघते, धुता येते. आतमध्ये पानी जात नाई." तिनं तळवा गादीवर ठेवला आणि दाबला. हात हळूहळू आत गेला. काढून घेतला तेव्हा पाच बोटांचा ठसा थोडा वेळ राहिला आणि मग हळूच भरून आला, जणू काही झालंच नव्हतं. तिला ते बघवेना. तरी तिनं पुन्हा हात ठेवला. "याहून मऊ आहे का?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच उंच वाटला. दुकानदार दुसरी काढायला वळला. गोल बाजाराकडून येणारा रविवारचा गलका काचेबाहेर होता, आत फक्त पंखा आणि नव्या प्लास्टिकचा वास. पीयूषनं कोपरं खाली घेतली होती आणि तो आता डायनासोरच्या चित्राची एक उशी छातीशी धरून उभा होता, शहाण्यासारखा. तो शहाणाच होता. पहिलीत गेल्यापासून फारच शहाणा झाला होता. म्हणेल ते करायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा, उत्तर देण्याआधी तिच्या चेहऱ्याकडे पाहायचा.

फक्त गादी ओली करायचा. शाळा सुरू झाली आणि ते सुरू झालं. आधी कधीतरी, मग रोज. घरातली जुनी रुईची गादी ओली झाली की मेलेल्या जनावरासारखी जड व्हायची. ती एकटीनं ओढत अंगणात न्यायची, आणि सगळा पावसाळा ती गादी वाळली नाही. उन्हाची तिरीप आली की बाहेर, ढग आले की आत. घरात तोच वास, तिच्या ओढणीला तोच वास, लॅबमध्ये रक्त काढायला कोणाच्या दंडावर वाकली की तिला वाटायचं समोरच्यालाही येत असेल. सकाळी साडेसातला तिला लॅबमध्ये पोचायचं असे. सचिन दूध आणायला आणि फिरायला बाहेर पडे तेवढाच वेळ घरात ती आणि ओलं पोरगं. पहिल्या दिवशी तिनं नुसता चिमटा काढला होता. मांडीला, आतल्या बाजूनं. तो ओरडला नाही, आश्चर्यानं तिच्याकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यानं तिचं डोकं का फिरलं ते तिला आजवर समजलेलं नाही. ओरडला असता तर ती थांबली असती, असं ती स्वतःला सांगायची. मग थापड. मग एके दिवशी तिच्या हातात ओली चादर होती, पिळत होती ती, आणि पिळता पिळता तिचा दोर झाला. ओल्या चादरीच्या दोराचा आवाज वेगळाच होतो. पाठीवर बसतो तेव्हा पाणी उडतं. वळ उठतो पण दुपारपर्यंत उतरतो. कातडी कुठे लगेच निळी पडते आणि कुठे पडत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार. ते तर तिच्या कामाचंच होतं. आपण ते माहीत असल्यासारखं मारतो आहोत, हे तिला पहिल्यांदा जाणवलं ते एका सकाळी, चादर हातात असतानाच. आणि तरी हात उचललेला होता, तो खाली आला होता.

नंतर ती त्याला पोटाशी धरायची, मुके घ्यायची, गरम पाण्यानं आंघोळ घालायची, डब्यात त्याच्या आवडीची शेव द्यायची. "सोनू, मम्मीला त्रास देऊ नको ना रे." तो म्हणायचा, "नाही देत." आणि संध्याकाळी येताना ती काहीतरी मऊ घेऊन यायची. मऊ पांघरूण. लोकरीसारख्या कापडाचा ससा. कापसाची, मग त्याहून मऊ कापसाची चादर. त्याचा कोपरा अशा वस्तूंनी भरून गेला होता. घरात पाहुणी आलेली बाई म्हणायची, नशीबवान आहे गं तुझा पोरगा. नवी गादी घ्यायची हेही तिनंच काढलं होतं. आतमध्ये पाणी जाणार नाही, कव्हर धुता येईल, सकाळ सोपी होईल. गादीच ओली झाली नाही तर मग कशाला. हे तिनं स्वतःला इतक्या वेळा समजावलं होतं की दुकानात शिरताना तिला एखाद्या देवळात शिरल्यासारखं हलकं वाटलं होतं.

लॅबमध्ये लहान पोरांची सुई तिलाच टोचायला सांगत. मोठे डॉक्टरसुद्धा म्हणत, उज्वलाला बोलवा, तिचा हात हलका आहे. रडणारं पोर तिच्या मांडीवर गप्प होई. ती बोटानं शीर शोधायची, फुंकर घालायची, आणि पोराला कळायच्या आत नळी भरलेली असे. आया तिचा हात हातात घेऊन बघत. तोच हात. ती रात्री, दुपारी, लॅबच्या मधल्या सुट्टीत स्वतःच्या मागे मागे जाऊन पाहायची, कुठून आलं हे. अल्लीपूरला माहेरी तिला कोणी कधी मारलं नव्हतं. बाप शांत माणूस, बाजारातून येताना पोरींसाठी काकड्या आणायचा. आईनं फार झालं तर "तुले नाई जेवाले देत आज" म्हणावं आणि आधी तिचंच ताट वाढावं. शाळेत एकदा गुरुजींनी हातावर पट्टी मारली होती, ती सगळ्यांनाच. एवढंच. शोधून शोधून तिला काही सापडायचं नाही. सचिनच्या पाठीवर वळ होता, त्याच्याकडे सांगायला बाभूळ होती, विहीर होती, बाप होता. तिच्याकडे काहीच नव्हतं. ती रिकाम्या घरातून आली होती आणि तिच्या हातात चादर होती.

सचिन पीयूषसमोर उकिडवा बसला. उशांच्या ढिगाजवळ, दुकानदाराला ऐकू जाणार नाही असा. "पीयूष," तो म्हणाला, अगदी हळू. "तुले कोनी मारते का रे?"

पीयूषनं उशीत हनुवटी खुपसली.

"शाळेत मारते? टीचर?"

मान नाही अशी हलली.

"मग घरी मारते?"

पोरानं वर पाहिलं. सचिनच्या खांद्यावरून, सरळ तिच्याकडे. त्या नजरेत भीती नव्हती, तक्रार नव्हती, विचारणा होती फक्त. काय सांगू? तिचे पाय आपोआप पुढे गेले. ती पीयूषच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिनं त्याच्या मानेवर हात ठेवला, केस कुरवाळले. "सांग ना बेटा. घाबरायचं नाही," ती म्हणाली. बोटांखाली त्याच्या मानेची शीर उडत होती, भराभर, पाखरासारखी.

"आबा मारते?" सचिननं विचारलं.

तेव्हा ती बोलू शकली असती. एका श्वासाएवढाच वेळ होता, पण होता. दुकानदार दोरी कापत होता, पंख्याला कुठलीशी चिंधी अडकून टकटक वाजत होती, आणि तिच्या डोळ्यांसमोर पीयूषचे आबा, मधुकरराव, आले. म्हातारे, गुडघे गेलेले, बायको गेल्यावर वावर मक्त्यानं कसायला देऊन मुलाकडे राहायला आलेले, बाहेरच्या खोलीत दिवाणावर दिवसभर बसून राहणारे मधुकरराव. दुपारी शाळेतून आल्यावर पीयूष त्यांच्यापाशीच असायचा. कोणालाही पटेल. तिलासुद्धा क्षणभर पटलं. तिच्या बोटांनी त्या मानेवर किंचित, अगदी किंचित दाब दिला की तिला तसा फक्त भास झाला, हे पुढे कधीही तिला नक्की सांगता येणार नव्हतं. पीयूषनं होकारार्थी मान हलवली.

सचिन उठला. गादीचे आणि उशीचे पैसे दिले, गादी गुंडाळून दोरीनं बांधून घेतली, ऑटो थांबवला, गादी मागच्या बाजूला नीट बसवली. सगळं सावकाश, एखादी काचेची वस्तू हाताळावी तसं. ऑटोत त्यानं पीयूषला मांडीवर घेतलं. ती शेजारी बसली. ऑटो बजाज चौकातून पुढे नालवाडीकडे निघाला. सचिनचा गुडघा सारखा हलत होता, त्याच्यावर बसलेला पीयूषही हलत होता, आणि उशी आता ती धरून होती. मऊ होती ती. तिच्या नखांखाली दबत होती.

सांग, ती स्वतःला म्हणत होती. पुढच्या वळणावर सांग. वळण आलं, गेलं. तिला आठवत होती मागच्या महिन्यातली एक सकाळ. ती चादर उचलत होती आणि दारात मधुकरराव येऊन उभे राहिले होते, भिंतीला धरून, काठी टेकत. ते घरात उठून कधी आतल्या खोलीपर्यंत येत नसत. "सूनबाई," ते म्हणाले होते, "दे त्याले इकडं. लहान लेकरू हाय." त्यांचा आवाज कापत होता. तिला त्या आवाजाचा असा संताप आला होता की डोळ्यांपुढे काळं झालं. तिनं चादर खाली न टाकताच म्हटलं होतं, "तुम्ही नका बोलू मामाजी. तुम्ही काय काय केलं ते मले माहीत आहे. बाभळीले बांधलं होतं ना तुम्ही? तुम्ही बोलाचंच नाही." म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला, जणू कोणी आतून खिडकी लावून घेतली. ते वळून गेले. त्यानंतर रोज सकाळी बाहेरच्या खोलीत रेडिओचा आवाज मोठा व्हायचा. भजनं लागलेली असायची. भजनांच्या आवाजात ती मारायची. आणि दुपारी मधल्या सुट्टीत घरी आल्यावर तिला दिसायचं, पीयूष आबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला आहे, त्याच उघड्याबोडक्या दिवाणावर, खाली नुसती चटई, आणि कोरडा आहे. दुपारी तो कधीच ओलं करत नसे. हे तिच्या लक्षात आलं होतं. तिनं ते लक्षात येऊ दिलं नव्हतं.

घर आलं. सचिननं गादी स्वतः उचलून आत आणली, बाहेरच्या खोलीच्या मधोमध ठेवली, दोरी सोडली. गादी फुस्स करत उलगडली, प्लास्टिकच्या आवरणातच. मधुकरराव दिवाणावर बसले होते, चष्मा लावून, रविवारचा पेपर घेऊन. "आनली का बाबू गादी?" ते कौतुकानं म्हणाले. "चांगली दिसून राह्यली. कायची व्हय, फोमाची?"

सचिननं त्यांच्या हातातला पेपर काढून घेतला, घडी करून बाजूला ठेवला आणि त्यांच्या तोंडात मारली.

चष्मा उडून कपाटाखाली गेला. म्हातारा माणूस पडला नाही, बसल्या जागी कलंडला, आणि काही कळायच्या आत सचिननं सदऱ्याची कॉलर धरून त्यांना दिवाणावरून खाली ओढलं. गुडघे फरशीवर आपटल्याचा आवाज झाला. "माह्या लेकराले हात लावता?" सचिन ओरडला नाही, त्याच्या दातांतून शब्द हवेसारखे निघत होते. "मले मारलं ते मारलं. मी काई म्हनलं नाई. घरात आनलं तुमाले, आंघोळ घालतो, औषध देतो. अन् तुम्ही माह्या लेकराले?" त्यानं लाथ मारली. मग दुसरी. मांडीवर, कमरेवर. म्हाताऱ्यानं तोंडातून नुसता श्वास सोडला. सचिनचा हात दिवाणाला टेकून ठेवलेल्या काठीवर गेला आणि काठी त्याच्या हातात अशी आली जणू ती तिथे त्याच्यासाठीच इतकी वर्षं उभी होती. ती पाठीवर बसली. खांद्यावर बसली. प्रत्येक वेळी तो काहीतरी म्हणत होता, बाभळीचं, गोऱ्ह्याचं, आईचं. "आई उभी होती तिकडं! तुमच्या भेवानं उभी होती!" मग काठीचं टोक म्हाताऱ्याच्या भुवईवर लागलं, कातडी उकलली आणि रक्त आलं. किती सहज येतं ते, उज्वलाच्या मनात आलं. मी किती जपून शोधते शीर. इथे नुसतं लाकूड टेकलं.

मधुकररावांनी एका डोळ्यावरचं रक्त हातानं पुसलं आणि वर पाहिलं. मुलाकडे नाही, तिच्याकडे. चष्म्याशिवाय त्यांना ती धूसर दिसत असणार. त्यांच्या चेहऱ्यावर काही मागणं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि फरशीवर दोन्ही हात टेकले, म्हणजे पाठ नीट समोर येईल. "मार," ते म्हणाले. "मार बाबू. मारलंच व्हतं म्या तुले."

"मले नाई! पीयूषले! पीयूषले काऊन मारता, ते सांगा!"

"मार," म्हातारा पुन्हा म्हणाला.

तिला वाटलं होतं, हे इथेच संपेल. तिला वाटलं होतं, रक्त पाहून सचिन मोरीत जाईल, नळ सोडेल. पण काठी पुन्हा वर गेली आणि तिला दिसलं की आता ती थांबणार नाही, म्हातारा मरेल, आणि मेल्यावरही त्यानं सांगितलेलं नसेल. ती किंचाळली. तिला आपला आवाज ओळखू आला नाही. "मी मारते! मी मारते त्याले!"

सचिननं मागे पाहिलं. "तू मधात येऊ नको. तू त्याईले वाचवू नको."

"वाचवत नाही. मी मारते."

"तू?" तो जवळजवळ हसला. त्याचा श्वास लागला होता, कपाळावरून घाम वाहत होता. "तू माशी मारत नाई."

"सकाळी मारते," ती म्हणाली. शब्द एकेक काढून द्यावे लागत होते, अडकलेल्या काट्यासारखे. "तुम्ही दुधाले गेले की. चादर पिळून. ओल्या चादरीनं मारते. पाठीवर, खाली. मांडीले. निळं नाही पडत तिथं. मामाजी एकदा आले होते सोडवाले. मीच त्याईले बोलली. त्याईले बाभळीचं बोलली. म्हणून ते..."

सचिन तिच्याकडे पाहत होता आणि पाहता पाहता त्याच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली. संताप उतरला, मग समज आली, ती उतरली, मग लहान मुलाचा असावा तसा एक चेहरा आला, भेदरलेला, आणि तो उतरायच्या आतच त्याचा हात आला. उघडा तळवा, पूर्ण जोरानं. तिचं डोकं भिंतीवर गेलं. दुसरी थापड तिला दिसली पण ऐकू आली नाही. कानात एक लांब शिट्टी सुरू झाली होती. त्यानं तिचे केस धरले, तिला हिसडलं, "चादरीनं? चादरीनं?" एवढंच तो विचारत होता, आणि ती हो म्हणत होती, प्रत्येक वेळी हो, आणि प्रत्येक होवर मार बसत होता. तिला बरं वाटत होतं. हे तिला फार भयंकर वाटलं, पण बरं वाटत होतं. आत साचलेलं काहीतरी बाहेरून कोणी फोडत होतं. मग ती पडली. पाठीखाली नवी गादी आली. ती त्या गादीत खोल गेली आणि गादीनं तिला कुठेही न टोचता, न दुखवता, हळूच वर उचलून धरलं. खरंच मऊ होती. ओठातून रक्त येऊन प्लास्टिकवर सांडलं, आणि आत गेलं नाही, वरच थेंब होऊन थांबलं.

सचिन तिच्या अंगावरून मागे सरकला. तो आपल्या हातांकडे पाहत होता, तळवे वर करून, ओंजळ धरल्यासारखे. काठी केव्हा हातातून सुटली हे त्याला समजलं नसावं. तो भिंतीला टेकला, घसरत खाली बसला आणि त्याच्या घशातून एक आवाज यायला लागला, रडण्याचा नाही, रडण्याच्या अलीकडचा. मधुकरराव फरशीवर ओणवेच होते. त्यांनी हात लांब करून मुलाच्या पायाला लावला. सचिननं पाय काढून घेतला नाही. भुवईचं रक्त म्हाताऱ्याच्या पांढऱ्या मिशीत उतरलं होतं. टाके लागतील, तिच्यातल्या कोणीतरी सांगितलं. उठून कापूस घ्यायला हवा, दाबून धरायला हवा, रिक्षा बोलवायला हवी. दवाखान्यात विचारतील, कसं झालं. म्हातारा म्हणणार, मोरीत पाय घसरला. तिला विचारतील, तुमच्या ओठाला काय झालं. या वेळी ती सांगणार होती. काय झालं, कोणी केलं, आधी कोणी केलं, सगळं. हे तिनं गादीवर पडल्या पडल्याच ठरवलं, आणि ठरवल्यावर तिला पहिल्यांदा पीयूषची आठवण झाली.

तो दाराजवळ उभा होता. इतका वेळ तिथेच होता, डायनासोरची उशी पायाशी टाकून. तो रडत नव्हता. तो एकदा आबांकडे, एकदा पप्पांकडे, एकदा तिच्याकडे पाहत होता, पुन्हा पुन्हा, खेळात कोण कोण बाद झालं ते ध्यानात ठेवताना पोरं पाहतात तसं. मग तो पुढे आला. फरशीवर पडलेली काठी त्यानं दोन्ही हातांनी उचलली. ती त्याच्याहून उंच होती, त्याला जड जात होती. ती घेऊन तो गादीपाशी आला आणि तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहत, विचारल्याशिवाय आता काही करायचं नाही अशा शहाणपणानं त्यानं विचारलं, "मम्मी, आता माझी बारी ना?"

तिनं तोंड उघडलं. फाटलेल्या ओठातून नुसतं रक्त आलं.

"पीयूष," मधुकरराव फरशीवरून म्हणाले. त्यांनी रक्ताळलेला हात पुढे केला. "दे राजा. दे ते मले. इकडं दे."

पीयूषनं आबांच्या हाताकडे पाहिलं. आबांचं तो नेहमी ऐकायचा. त्यानं काठी छातीशी अधिक घट्ट धरली आणि दिली नाही.